प्रश्न वाचकांचे : रा. चिं. ढेरे यांच्या वाटेने जाताना

गेल्या अंकात लोकसंस्कृतीचे अभ्यासक डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांच्यावर लेख आला आणि त्यानंतर पत्रांचा चांगलाच गठ्ठा जमला. काहींना ढेरे वाचायचे आहेत, काहींना त्यांचे एखादे मत पटलेले नाही, आणि बऱ्याच जणांना आपल्याच गावच्या देवाबद्दल काही विचारायचे आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

ढेऱ्यांचे पुस्तक उघडले की पुराणे, शिलालेख, कानडी-तेलुगू नावे यांची गर्दी होते. पंचवीस पानांतच दमछाक होते. सुरुवात कुठून करावी?
(निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

आपण बहुधा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आधी हाती घेतले असावे. ते पुस्तक शेवटी वाचायचे. सुरुवात ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या 1964 च्या पुस्तकापासून करा. वासुदेव, गोंधळी, पोतराज, वाघ्या-मुरळी ही आपल्या दारावर येऊन गेलेली माणसे त्यात आहेत. लेख एकेकटे वाचता येतात आणि ढेरे पुरावा कसा गोळा करतात ते सोप्या विषयावर कळते. मग ‘खंडोबा’ (1961), त्यानंतर ‘लज्जागौरी’ (1978) आणि मगच ‘श्रीविठ्ठल’ (1984). या क्रमाने गेलात तर विठ्ठलाच्या पुस्तकात भेटणारे धनगर, मैलार (खंडोबाचे कानडी रूप) आणि वारुळातली देवी तोवर ओळखीचे झालेले असतात.

वाचताना वही जवळ ठेवा आणि पानावर तीन रकाने आखा : स्थळ, देवतेची तिथली नावे, पुरावा कशाचा. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुरावा पोथीतला आहे, दगडावरचा आहे, की लोकांच्या तोंडचा आणि रीतीतला, हे प्रत्येक वेळी लिहा. ढेऱ्यांच्या साऱ्या कामाची चावी याच रकान्यात आहे. पोथी, पाषाण आणि परंपरा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ते सहसा निष्कर्षाला येत नाहीत. जिथे तिन्हींपैकी एकावरच जास्त भार पडलेला दिसेल, तिथे समासात खूण करा. वाद बहुतेक अशाच जागी झालेले आहेत. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र एकत्र दाखवणारा नकाशाही लागेल. केवळ महाराष्ट्राचा नकाशा घेऊन ढेरे वाचता येत नाहीत.

त्यांचे शिक्षण आणि नोकरी याबद्दल थोडक्यात सांगाल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बारामती)

जन्म 21 जुलै 1930, पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळातील निगडे गावी. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आजोळच्या माणसांनी वाढवले. पुण्यात आल्यावर रात्रशाळेत शिकले, पदव्या पुढे सवडीने मिळवल्या. तिशीच्या आतच नाथ आणि दत्त संप्रदायांचे इतिहास लिहून झाले होते. विद्यापीठातले अध्यासन त्यांच्या वाट्याला आले नाही; आयुष्य चालले ते मुख्यतः लेखणीवर. घर ग्रंथांनी भरलेले असे, आणि त्यात पोथ्या व हस्तलिखितेही होती. ‘श्रीविठ्ठल’ला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचा अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2011 मध्ये आला. 1 जुलै 2016 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कवयित्री अरुणा ढेरे या त्यांच्या कन्या.

पंढरपूरची मूळ मूर्ती पंढरपुरात नसून माढ्याला आहे असे ढेऱ्यांनी म्हटले, हे खरे का? आणि आमचा विठोबा धनगरांचा देव कसा? घरात वारी आहे, म्हणून मन लावून विचारतो.
(वारकरी वाचक, अकलूज)

दोन्ही गोष्टी त्यांनी म्हटल्या आहेत. मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. आधी धनगरांचे पाहू.

पंढरपुरात आजही चालणाऱ्या रीती डोळ्यांपुढे आणा. आषाढीची वारी एकादशीला संपत नाही; पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तेव्हा ती संपते. मार्गशीर्षात देव गावाजवळच्या विष्णुपदावर राहायला जातो आणि तिथल्या खडकावर देवाच्या पावलांसोबत गाईंची खुरे दाखवतात. गावात ताकपिठ्या विठोबाचे देऊळ आहे. त्याचा नैवेद्य ताक आणि पीठ. राजवाड्यातल्या देवाचा हा थाट नव्हे. गुरे-मेंढरे राखणारा माणूस रानात जे खातो तेच त्याचा देव खातो. यासोबत कोल्हापूर जिल्ह्यातले पट्टणकोडोली ठेवा. तिथे विठ्ठल आणि धनगरांचा देव बिरदेव जोडीने पूजले जातात, धनगर भंडारा उधळतात, भाकणूक म्हणजे देवाच्या नावाने भविष्य सांगणे होते. विठ्ठल-बिरदेवाची ही जोडी महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर ठिकठिकाणी आढळते. ढेरे म्हणतात की पंढरीचा विठोबा याच गवळी-धनगरांच्या लोकदेवातून वर आला. पुढे यादव आणि होयसळ राजवटींच्या काळात त्याचे देऊळ वाढले, पुराणकारांनी त्याला कृष्ण-विष्णू केले आणि संतांनी त्याला आपला मायबाप केले. ‘महासमन्वय’ हा शब्द त्यांनी यासाठीच वापरला. यात विठोबाला कुठेही उणेपणा येत नाही. इतक्या थरांतल्या माणसांना हा देव आपला वाटला, हे तो ग्रंथ फार प्रेमाने दाखवतो.

आता माढा. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या विठ्ठलमूर्तीच्या छातीवर अक्षरे कोरलेली आहेत. स्कंदपुराणातले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या हृदयावर मंत्राक्षरे आणि कपाळी तिसरा डोळा असे वर्णन आहे. पंढरपूरच्या आजच्या मूर्तीवर ही अक्षरे नाहीत. त्यावरून ढेऱ्यांनी असे मांडले की अफझलखानाच्या 1659 च्या स्वारीच्या धामधुमीत मूर्ती माढ्याला हलवली गेली आणि तीच आद्य मूर्ती होय. संकटकाळी देव हलवणे पंढरीला नवे नव्हते. मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही परंपरा वारकऱ्यांना ठाऊक आहेच.

या मतावर मोठा गदारोळ झाला. आमचे मत असे की दोन प्रश्न एकत्र करू नयेत. माढ्याची मूर्ती माहात्म्यातल्या वर्णनाशी जुळते, हे निरीक्षण पक्के आहे. ती आद्य आहे, हा त्यापुढचा तर्क आहे. वर्णन वाचून नंतरच्या शिल्पीने तशी मूर्ती घडवली असेल, ही शंका उरते, आणि तिचे निरसन केवळ पोथीतून होणार नाही. विठ्ठल हा लोकदेव होता, हा त्यांचा मुख्य सिद्धांत मात्र माढ्याच्या मूर्तीवर टेकलेला नाही. माढ्याचे म्हणणे उद्या सोडून द्यावे लागले तरी गोपाळपूर, ताकपिठ्या आणि पट्टणकोडोली जागचे हलत नाहीत.

आमच्या गावच्या सातेरीच्या देवळात मूर्ती नाही, वारूळ आहे. मुंबईचे पाहुणे विचारतात, ‘देवी कुठाय?’ काय सांगावे?
(शिक्षिका, सावंतवाडी)

वारूळ हीच देवी, असे सांगा. कोकणात सातेरी आणि गोव्यात सांतेरी म्हणतात ती भूमीच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. मातीच्या पोटातून आपोआप वर आलेला, आत पोकळ, वर तोंडे असलेला हा उंचवटा जुन्या माणसांना भूमीचे गर्भस्थान वाटला. आत नाग राहतो, तो तिचा राखणदार. नागपंचमीला नांगर धरू नये, खणू नये, चिरू-कापू नये, हे नेम याच श्रद्धेच्या नात्यातले आहेत.

ढेऱ्यांच्या ‘लज्जागौरी’त हे वारूळ आणि एक वेगळीच दगडी मूर्ती एकत्र येतात. ती मूर्ती उताणी असते, गुडघे दुमडून पाय फाकलेले, प्रसूतीच्या वेळी बाई बसते तसे, आणि डोक्याच्या जागी कमळ. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशा लहान मूर्ती सापडल्या. बदामीच्या संग्रहालयातली मोठी मूर्ती प्रसिद्ध आहे. पूर्वी काहींनी तिला अश्लील ठरवून बाजूला सारले. ढेऱ्यांनी तिच्याशेजारी रेणुकेची कथा ठेवली : परशुरामाने मस्तक उडवले आणि पूजा उरली ती मस्तकाची. माहूरला आजही रेणुकेचा फक्त मुखवटा पूजला जातो. एकीकडे धडाविना मस्तक, दुसरीकडे मस्तकाविना धड, आणि मधे वारूळ. तिन्ही एकाच भूमातेची रूपे, असे ते दाखवतात.

देवळाच्या जीर्णोद्धाराची चर्चा चालू असेल तर एक कळकळीची विनंती. वारुळावर फरशी किंवा सिमेंट चढवू नका. वारूळ ओलाव्यावर जगते. वाळवी आतून माती लावते म्हणून ते वाढते. वरून बंद केले की ते मरते, मग ढासळते, आणि मग ‘आता मूर्तीच बसवू’ असा ठराव होतो. भोवती हातभर उंचीचा दगडी कठडा पुरे. तळाची जमीन मातीचीच राहू द्या, आणि अभिषेकाचे पाणी थेट वारुळावर न ओतता बाजूला सोडा.

आमच्या गावचा देव ‘म्हसोबा’ म्हणतात, पण तो नुसता शेंदूर लावलेला दगड आहे. त्याची माहिती ढेऱ्यांच्या पद्धतीने जमवायची तर काय काय करावे?
(ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका, असेच प्रश्न आणखी पाच जणांचे)

पहिले म्हणजे शेंदूर खरवडू नका. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षे चढत जातात आणि कधीतरी कवच आपोआप सुटून पडते. तेव्हा पुजारी सांगतील, त्या दिवशी जाऊन फोटो घ्या. खरवडल्याने खालचा दगडही निघतो, आणि गावचा विश्वास तर नक्कीच जातो.

दगड कसला, ते पाहा. पुष्कळ ‘म्हसोबा’ म्हणजे वीरगळ, म्हणजे मेलेल्या वीराच्या स्मरणाचे कोरीव दगड, असतात. वीरगळ खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो बहुधा गोधन राखताना मेलेला वीर. चंद्र-सूर्याखाली गाढव असेल तर तो वीर नव्हे, ती गद्धेगळ, म्हणजे दानाची आज्ञा मोडणाऱ्याला दिलेला शाप. कोपरातून दुमडलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. घडीव काहीच नसेल तर तो तांदळा, आणि तांदळाही तितकाच मोलाचा.

मोजमापे सेंटिमीटरमध्ये घ्या : जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी. तोंड कोणत्या दिशेला तेही लिहा. फोटो चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. अक्षरे दिसत असतील तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरक्या उन्हात कोरीव अक्षर उठून दिसते, दुपारी बारा वाजता सपाट होते. ऊन नसेल तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. खडू, पीठ, रांगोळी चोळू नका. ती खाचेत बसते, ओल धरते, आणि पुढच्या वाचणाऱ्याला खरी रेघ कोणती ते कळत नाही. लिपी देवनागरी की हळेकन्नड (जुनी कानडी) हे ठरवता आले नाही तरी ओळी मोजून ठेवा.

आता माणसे, कारण खरे काम इथे आहे. ‘या देवाची कथा काय?’ असे विचारले की हल्ली छापील माहात्म्यातली किंवा दूरदर्शन मालिकेतली कथा ऐकू येते. म्हणून कथा शेवटी विचारा. आधी रीत विचारा. पहिला नारळ कोणाचा? पालखीला खांदा कोणाचा, अब्दागिरी कोणाची, ढोल कोणाचा? पालखी कोणत्या वाटेने जाते आणि कुठे थांबते? नैवेद्य गोडा की खारा? बोकड देत असतील तर देवाला, की समोरच्या दुसऱ्या दगडाला? देवाची बायको कोण, बहीण कोण, कोणत्या गावच्या देवाशी वैर? कोणती भाजी किंवा कोणता रंग चालत नाही? उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील तर जुळवू नका. पाटील एक सांगेल, गुरव दुसरे, मातंगवाड्यातली म्हातारी तिसरे. तिन्ही लिहा, आणि कोणी सांगितले ते लिहा. पालखी जिथे विनाकारण थांबल्यासारखी वाटते ती जागा कधीच सोडू नका. देवाचे जुने ठाणे पुष्कळदा तिथे असते.

प्रश्न निदान तीन समाजांच्या आणि त्यांतल्या बायकांच्या तोंडून तपासल्याशिवाय ‘गावची परंपरा’ असे शब्द कागदावर उतरवू नका. नाहीतर ती फक्त चावडीवरची परंपरा होते.

शेवटी हे सारे घेऊन जत्रेला एकदा पूर्ण हजर राहा, हळदीपासून देव परत बसेपर्यंत. लोक रीत सांगताना जे वगळतात ते करताना दिसते.

आमच्या गावाच्या नावावरून ते पौराणिक ऋषींचे गाव ठरते असे मी लेखात मांडले. जाणकारांनी ते खोडून काढले. ढेरेही नावांवरूनच निष्कर्ष काढतात ना?
(हौशी इतिहासलेखक, जालना)

काढतात, पण नुसत्या उच्चारसाम्यावर थांबत नाहीत. नावाला तीन कसोट्या लावा. जुन्या लेखात त्या नावाचे कोणते रूप सापडते? ध्वनी जसा बदलला म्हणता तसा तो इतर शब्दांतही बदललाय का? आणि तिथली रीत त्या अर्थाला दुजोरा देते का?

वरच्या पत्रातला म्हसोबाच घ्या. ‘महिष’पासून ‘म्हस’ : ‘महिषी’ची म्हैस झाली, ‘महत्तर’चा म्हातारा झाला, म्हणजे ध्वनीची वाट रुळलेली आहे. रेड्याशी आणि जोगुबाई या देवीशी त्याचे ठिकठिकाणी असलेले नाते रीतीतून दिसते. इथे व्युत्पत्ती उभी राहते.

पांडुरंगाचे उदाहरण तर याहून बोलके. पांडुरंग म्हणजे गोरा, आणि विठोबा सावळा! ‘पांडुरंग’ हे मुळात शिवाला शोभणारे नाव. होयसळ राजा सोमेश्वर याच्या 1237 च्या लेखात गावाचे नाव ‘पंडरगे’ असे कानडी रूपात येते. त्या गावनावाला संस्कृत वळण देताना ‘पांडुरंग’ झाले आणि देवाला गावाचे नाव चिकटले, असा उलगडा केला की सावळ्या देवाचे गोरे नाव समजते. तुमच्या लेखात ऋषीचे नाव संस्कृतातून गावाकडे आणले आहे. बहुतेक वेळा प्रवास उलटा असतो : गावचे देशी नाव आधी, ऋषी नंतर. जुन्या सनदा, पेशवेकालीन कागद आणि शेजारच्या गावांच्या तोंडचा उच्चार तपासा, आणि मग लेख पुन्हा लिहा.

आजी ऐंशी वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या येतात. ढेऱ्यांना वाहिलेल्या पानांत हा प्रश्न बसतो का माहीत नाही, पण वेळ थोडा आहे.
(वाचक, जुन्नर)

बसतो, आणि सगळ्यात आधी तुम्हीच कामाला लागा. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर या लोकसाहित्याच्या अभ्यासकांपासून सर्वांनी हेच सांगितले की ओवी बाईसोबत जाते.

फोन विमान-स्थितीत ठेवा, पंखा बंद करा, फोन आजींच्या तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. लाकडी पाटावर ठेवला तर जात्याची घरघर थेट त्यात उतरते. सुरुवातीला तारीख, गाव आणि आजींचे माहेर बोलून नोंदवा. माहेर विसरू नका, कारण ओवी बहुधा सासरची नसते, माहेराहून आलेली असते.

‘ओव्या म्हणून दाखव’ म्हटले की चार येतात आणि थांबतात. जाते असेल तर मूठभर जोंधळे घालून खरेच दळायला बसवा, तब्येत झेपेल तितकेच, दहा मिनिटे पुरेत. हात फिरला की ओवी सुचते. जात्याच्या आवाजात शब्द बुडतात, म्हणून त्याच ओव्या नंतर शांतपणे पुन्हा म्हणवून घ्या. दोन्ही मुद्रणे जपा, कारण नुसते सांगताना ‘गं बाई’, ‘माझ्या’, ओळीची पुनरुक्ती हे सारे गळते, आणि ओवीचा ताल त्यातच असतो. एका बैठकीत अर्ध्या तासावर जाऊ नका. एक तासाचे मुद्रण लिहून काढायला पाच-सहा तास सहज लागतात, तेव्हा त्या त्या आठवड्याचे त्याच आठवड्यात लिहा. शब्द सुधारू नका. आजी ‘इठ्ठल’ म्हणत असतील तर ‘इठ्ठल’च लिहा.

न कळलेला शब्द आजींनाच विचारा, आणि आजच विचारा.